मराठी स्थलांतरित कुटुंबे आणि इंग्रजीची विविध रूपे

महाराष्ट्रातून इंग्रजीभाषक देशांत स्थायिक झालेल्या कुटुंबांना इंग्रजीच्या निरनिराळ्या रूपांचा जो अनुभव येतो, तो समाजभाषाविज्ञानाच्या अभ्यासाचा एक विषय आहे. यांपैकी बहुतेक कुटुंबे निदान पुस्तकी इंग्रजी शिकूनच परदेशी जातात. त्यामुळे त्यांची मुख्य अडचण भाषा न येण्याची नसते. येत असलेली भाषा तेथे वेगळी, क्वचित सदोष मानली जाण्याची असते. आईवडिलांची भारतीय इंग्रजी, शाळेत शिकवली जाणारी त्या देशाची प्रमाण इंग्रजी आणि मुले सवंगड्यांकडून उचलतात ती बोली, अशी इंग्रजीची तीन रूपे पुष्कळदा एकाच घरात नांदतात. त्यांतील कोणते रूप शुद्ध मानायचे, या प्रश्नाचा परिणाम नोकरी, मुलांचे शिक्षण, घरातील वडीलधाऱ्यांचा मान आणि मराठीचे जतन या सर्वांवर होतो.

संकल्पना

इंग्रजी ही एकजिनसी भाषा नाही. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, भारत, सिंगापूर, नायजेरिया इत्यादी देशांत तिची वेगवेगळी रूपे प्रचलित आहेत आणि प्रत्येक देशात प्रांत, वर्ग व वयोगट यांनुसार पुन्हा पोटभेद आहेत. काश्मीरमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अध्यापन केलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू (१९३२–२०१६) यांनी १९८५ मध्ये या रूपांची तीन वर्तुळांत मांडणी केली. आतील वर्तुळात इंग्रजी ही मातृभाषा असलेले देश येतात. बाहेरील वर्तुळात भारतासारखे देश येतात; तेथे ती वसाहतकाळात रुजली आणि प्रशासन, न्यायालये व उच्च शिक्षणात टिकून राहिली. विस्तारणाऱ्या वर्तुळात चीन, जपान यांसारखे ती परकी भाषा म्हणून शिकणारे देश येतात. बाहेरील वर्तुळातील इंग्रजी ही मूळ भाषेची बिघडलेली नक्कल नसून स्वतःचे नियम असलेले स्वतंत्र रूप आहे, असे काचरू यांचे प्रतिपादन होते.

या मांडणीनुसार मराठी कुटुंबाचे स्थलांतर म्हणजे बाहेरील वर्तुळातून आतील वर्तुळात जाणे होय. जे इंग्रजी गावी प्रतिष्ठेचे साधन होते, तेच नव्या देशात परकेपणाची खूण ठरते.

ऐतिहासिक आढावा

मराठी माणसांच्या या अनुभवाचा आरंभ एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे नेता येतो. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या. त्यांचे इंग्रजी हिंदुस्थानातच, मुख्यतः पती गोपाळराव यांच्या आग्रहाने तयार झाले होते. प्रयाणापूर्वी श्रीरामपूर (बंगाल) येथे त्यांनी इंग्रजीतून जाहीर भाषण दिले. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबाचा आधार त्यांना मिळाला आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळवली. ब्रिटिश अमलाखालील देशात इंग्रजी शिकून अमेरिकन समाजात वावरणाऱ्या पहिल्या मराठी स्त्रियांपैकी त्या होत.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या सहवासात आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात राहून त्यांनी इंग्रजीवर प्रभुत्व मिळवले आणि त्याच महाविद्यालयात संस्कृतही शिकवले. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथील समाजाचे वर्णन करणारे त्यांचे मराठी पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंड आणि अमेरिका हे दोन इंग्रजीभाषक समाज जवळून पाहून त्यांचा अनुभव मराठीत मांडणाऱ्या आरंभीच्या लेखकांत त्यांची गणना होते.

विसाव्या शतकात या स्थलांतराला संख्याबळ आले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्ये स्थापन झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत भारतीय डॉक्टर मोठ्या प्रमाणात दाखल झाले. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा रद्द केला, कॅनडाने १९६७ मध्ये गुणांवर आधारित प्रवेशपद्धती आणली आणि ऑस्ट्रेलियाने १९७३ मध्ये केवळ गोऱ्यांना प्राधान्य देणारे धोरण सोडले. या बदलांनंतर डॉक्टर, अभियंते व प्राध्यापक आणि १९९० नंतर माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचारी सहकुटुंब परदेशी स्थायिक होऊ लागले. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले.

मराठवाड्याची पार्श्वभूमी

मुंबई-पुण्यात इंग्रजी शिक्षण एकोणिसाव्या शतकातच रुजले; मुंबई विद्यापीठ १८५७ चे आहे. मराठवाड्याचा इतिहास वेगळा आहे. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यामुळे येथील अनेक घराण्यांत आजोबांचे शिक्षण उर्दूत, मुलांचे मराठीत आणि नातवंडांचे इंग्रजीत असा क्रम दिसतो.

नांदेड जिल्ह्यातील भोकर हे या दृष्टीने प्रातिनिधिक तालुक्याचे गाव म्हणता येईल. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील हे गाव तेलंगणाच्या सीमेपासून दूर नाही. परिसरात मराठीखेरीज तेलुगू, दखनी उर्दू आणि तांड्यांवरील गोरमाटी कानी पडते. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला अनेक भाषांत वावरण्याची सवय असते. इंग्रजी मात्र त्याला बाजारात नव्हे, वर्गातच भेटते. मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी बरीच वर्षे पाचवीपासून शिकवले जाई, इ.स. २००० पासून राज्यात ते पहिलीपासून सुरू झाले. पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व इतर विषय मराठीतून शिकवणाऱ्या सेमी-इंग्रजी वर्गांचा प्रसार झाला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या परंपरेतील या शिक्षणात व्याकरण आणि भाषांतर यांवर भर असे. कानाने ऐकण्याला व तोंडाने बोलण्याला जागा थोडी असे.

या भागातील विद्यार्थी शिक्षणासाठी प्रथम नांदेड किंवा लातूरला, तेथून पुणे वा हैदराबादला आणि मग परदेशी जातो. प्रत्येक टप्प्यावर त्याची बोली पारखली जाते. ‘काय करायलास?’ हे मराठवाड्यात सहज बोलले जाणारे वाक्य पुण्यात हसण्याचा विषय होऊ शकते. तेथे ‘काय करतो आहेस?’ हेच शिष्ट मानले जाते. महानगरांतील इंग्रजी माध्यमाच्या मुलांपुढे त्याचे इंग्रजीही ग्रामीण ठरते. परदेशात मात्र पुण्याच्या कॉन्व्हेंटमधील इंग्रजी आणि भोकरच्या जिल्हा परिषद शाळेतील इंग्रजी हे दोन्ही ‘भारतीय’ याच एका सदरात जमा होतात. भाषेच्या रूपांची ही उतरंड भाषेच्या अंगच्या गुणांवर ठरत नसून बोलणाऱ्यांच्या सामाजिक स्थानावर ठरते, हे अशा प्रवासातून स्पष्ट होते.

उच्चारातील भेद

मराठी भाषकाच्या इंग्रजी उच्चारावर मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेची छाप असते. इंग्रजीतील दंतमूलीय ध्वनी तो मूर्धन्य ट, ड असे उच्चारतो. घर्षक ध्वनींच्या जागी दंत्य थ, द येतात. मराठी लेखनात ‘वेस्ट’ (पश्चिम) आणि ‘व्हेस्ट’ (बनियन) असा भेद व व व्ह या अक्षरांनी दाखवला जातो, परंतु बोलताना हे ध्वनी इंग्रजीतील ध्वनींशी तंतोतंत जुळत नाहीत. इंग्रजीत शब्दारंभीच्या प, ट, क यांना किंचित महाप्राणाची जोड असते. ती मराठी उच्चारात नसल्याने ‘पिन’ हा शब्द परक्या कानाला ‘बिन’सारखा भासू शकतो. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही अक्षरे मराठी लिपीत मुख्यतः इंग्रजी शब्दांसाठीच रूढ झाली, यावरून दोन्ही भाषांच्या स्वरांतील अंतर लक्षात येते.

याहून महत्त्वाचा भेद आघाताचा आहे. मराठीत शब्दातील कोणत्या अवयवावर जोर द्यावा याने सहसा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या आणि ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या अवयवावर जोर येतो व उरलेले स्वर आखूड होतात. मराठी भाषक सर्व अवयव जवळजवळ सारख्या वजनाने उच्चारतो. हैदराबाद येथील केंद्रीय इंग्रजी संस्थेतील आर. के. बन्सल यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेविषयीच्या अभ्यासात, चुकीच्या जागी पडणारा आघात हे परक्यांना बोलणे न समजण्याचे एक प्रमुख कारण म्हणून दाखवले आहे.

अडचण दुसऱ्या बाजूनेही येते. अमेरिकेत दोन स्वरांमधील ‘ट’ मऊ होऊन ‘वॉटर’ हे ‘वॉडर’सारखे ऐकू येते, ‘रायटर’ (लेखक) आणि ‘रायडर’ (स्वार) यांत फरक उरत नाही. ‘कॅन’ (शकतो) आणि त्याचे नकारार्थी ‘कॅन्ट’ यांतील शेवटचा ध्वनी गिळला जात असल्याने औषध घ्यावे की घेऊ नये, याबाबतही घोटाळा संभवतो. ब्रिटिश उच्चारात ‘कान्ट’ असा वेगळा स्वर असल्याने ही अडचण कमी भासते. ऑस्ट्रेलियात ‘टुडे’ हा शब्द ‘टुडाय’च्या जवळ जातो. इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात ‘कार’मधील र लोपतो, अमेरिकेत तो ठळक राहतो. भारतीय इंग्रजी र च्या बाबतीत अमेरिकेला, तर ‘क्लास’, ‘डान्स’ यांतील स्वराच्या बाबतीत दक्षिण इंग्लंडला जवळची आहे. म्हणजे ती दोहोंपैकी कोणाचीही पूर्ण प्रतिकृती नाही.

शब्दसंपदा

भारतीय इंग्रजीचा पाया ब्रिटिश असल्याने अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांना अनेक शब्द नव्याने शिकावे लागतात. ‘लिफ्ट’चे ‘एलिव्हेटर’, ‘पेट्रोल’चे ‘गॅस’, ‘फुटपाथ’चे ‘साइडवॉक’ होते. गाडीच्या मागील कप्प्याला भारतात ‘डिकी’, ब्रिटनमध्ये ‘बूट’ आणि अमेरिकेत ‘ट्रंक’ म्हणतात. वांग्याला भारतात ‘ब्रिंजल’, ब्रिटनमध्ये ‘ऑबर्जिन’ व अमेरिकेत ‘एगप्लांट’ असे नाव आहे.

नवा शब्द शिकणे तुलनेने सोपे असते. ओळखीच्या शब्दाचा अर्थ बदलला की खरी फसगत होते. त्याची काही उदाहरणे पुढीलप्रमाणे:

• ट्यूशन: भारतात शाळेबाहेरची शिकवणी, अमेरिकेत शिक्षणसंस्थेचे शुल्क.
• पब्लिक स्कूल: इंग्लंडमध्ये श्रीमंतांची जुनी खाजगी शाळा, अमेरिकेत सरकारी शाळा.
• फर्स्ट फ्लोअर: भारत व ब्रिटनमध्ये पहिला मजला, अमेरिकेत तळमजला.
• डाउट: भारतीय विद्यार्थ्याच्या बोलण्यात शंका, म्हणजे विचारायचा प्रश्न, अन्यत्र अविश्वास.
• पासआउट: भारतात शिक्षण पूर्ण करणे, इतरत्र बेशुद्ध पडणे.
• हॉटेल: मराठीत खाणावळ किंवा उपाहारगृहसुद्धा, इतरत्र केवळ निवासाची जागा.
• रबर: भारत व ब्रिटनमध्ये खोडरबर, अमेरिकेत संततिनियमनाचे साधन.

‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे), ‘आउट ऑफ स्टेशन’ (परगावी असणे), ‘कझिन ब्रदर’ (चुलत, मामे, आते किंवा मावसभाऊ) हे प्रयोग भारतात सर्वत्र समजतात, परदेशात मात्र ते बुचकळ्यात टाकतात. ३/४ असे लिहिलेला दिनांक भारतात व ब्रिटनमध्ये ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च असतो. लाख आणि कोटी ही एकके भारतीय उपखंडाबाहेर सहसा चालत नाहीत.

एकाच देशातही भेद आहेत. उत्तर इंग्लंडमधील अनेक कुटुंबांत ‘डिनर’ म्हणजे दुपारचे आणि ‘टी’ म्हणजे संध्याकाळचे जेवण. तेथे काम करणाऱ्या भारतीय डॉक्टरला रुग्णाने ‘टीनंतर’ गोळी घेतल्याचे सांगितले, तर ती चहानंतर नव्हे, जेवणानंतर घेतलेली असते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये मेजवानीच्या निमंत्रणातील ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हणजे सर्वांसाठी एखादा पदार्थ करून आणणे. नवागत रिकामी ताटली घेऊन जातात, हा तेथील स्थलांतरितांमध्ये वारंवार सांगितला जाणारा प्रसंग आहे.

संबोधन आणि शिष्टाचार

मराठीत तू, तुम्ही, आपण अशी आदराची श्रेणी आहे. इंग्रजीत सर्वांना एकच सर्वनाम आहे. भारतीय इंग्रजी ही उणीव ‘सर’, ‘मॅडम’, ‘अंकल’, ‘आंटी’ यांनी भरून काढते. अमेरिकन वा ऑस्ट्रेलियन कार्यालयात वरिष्ठाला पहिल्या नावाने हाक मारण्याची रीत आहे. मराठी संस्कारात वाढलेल्याला ती जड जाते आणि सतत ‘सर’ म्हणणारा सहकारी तिकडच्यांना अवघडलेला वाटतो. ब्रिटिश बोलण्यात नापसंतीही सौम्य शब्दांत गुंडाळलेली असते. ‘क्वाइट गुड’चा अर्थ अमेरिकेत ‘फारच छान’, तर ब्रिटनमध्ये पुष्कळदा ‘बरे आहे’ इतकाच होतो. ‘हाऊ आर यू?’ हा प्रश्न अनेकदा केवळ नमस्काराच्या जागी येतो, त्याला प्रकृतीचे सविस्तर उत्तर अपेक्षित नसते.

नावाचाही प्रश्न येतो. मराठी रीतीने मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते. परदेशी अर्जांत त्याला ‘मिडल नेम’च्या रकान्यात बसवले जाते आणि बायकोच्या मधल्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव पाहून अधिकारी गोंधळतात. उच्चार सोपा व्हावा म्हणून काही जण नाव आखूड करतात. ‘ळ’ आणि ‘ण’ असलेली नावे इंग्रजीत मूळ उच्चाराने क्वचितच टिकतात.

शाळा आणि मुले

स्थलांतरित मुले आईवडिलांचा नव्हे, तर समवयस्कांचा उच्चार उचलतात, ही समाजभाषाविज्ञानातील सर्वमान्य बाब आहे. लहान वयात गेलेले मूल थोड्याच वर्षांत स्थानिक मुलांसारखे बोलू लागते. हे रूप वस्तीप्रमाणे बदलते. लंडनमध्ये अनेक वंशांच्या मुलांच्या एकत्र वावरातून घडलेल्या बोलीस भाषाशास्त्रज्ञ ‘मल्टिकल्चरल लंडन इंग्लिश’ म्हणतात. अशी बोली घरी आली की पालकांना ती अशुद्ध वाटते. मुलाच्या दृष्टीने ती वर्गातील मैत्रीची किल्ली असते.

अमेरिकेतील शाळाप्रवेशाच्या वेळी घरात कोणती भाषा बोलली जाते, हे विचारले जाते. ‘मराठी’ असे उत्तर दिल्यास मुलाची इंग्रजीची चाचणी होऊ शकते. भारतात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाच्या पालकांना ते अपमानास्पद वाटते. या व्यवस्थेमागे मुलांच्या हिताचा कायदा आहे. इंग्रजी न समजणाऱ्या मुलांना विशेष मदत न देणे हा भेदभाव ठरतो, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमधील चिनी मुलांच्या खटल्यात (लाऊ विरुद्ध निकोल्स) दिला. ब्रिटनमध्ये १९८५ च्या स्वान अहवालाने अशा मुलांना वेगळ्या केंद्रांत न ठेवता सर्वसाधारण वर्गातच साहाय्य द्यावे, अशी शिफारस केली.

पिढ्यांमधील संबंध

मुलांचे इंग्रजी स्थानिक झाले की घरातील अधिकाराचा तोल बदलतो. फोनवर बोलणे, तक्रार नोंदवणे अशी कामे मुलांकडे येतात आणि ती आईवडिलांचे उच्चार चारचौघांत दुरुस्त करू लागतात. ज्या इंग्रजीच्या बळावर वडिलांनी गावाबाहेर वाट काढली, तीच मुलांना संकोचाची वाटते. हा ताण स्त्रियांच्या वाट्याला अधिक येण्याचा संभव असतो. नोकरी करण्याची परवानगी नसलेल्या व्हिसावर गेलेल्या पत्नीचा बाहेरच्या बोलण्याशी संबंध दुकान व शाळा यांपुरता उरतो.

आजी-आजोबांची अडचण निराळी असते. आयुष्यभर इंग्रजी वृत्तपत्र वाचलेल्या आजोबांनाही नातवाचे भरभर बोलणे उमगत नाही आणि नातवाला आजीची मराठी कळली तरी तिला उत्तर इंग्रजीतच सुचते. अशा वेळी मधल्या पिढीला दुभाष्याचे काम करावे लागते. मुलांचे इंग्रजी सुधारावे म्हणून घरातही इंग्रजीच बोलण्याचा मार्ग काही पालक पत्करतात. मुले स्थानिक इंग्रजी शाळेत आणि खेळताना शिकतच असल्याने त्यातून फारसा लाभ होत नाही. मात्र मराठी ऐकण्याची त्यांची मुख्य जागा नाहीशी होते. ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्र मंडळे शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रोत्साहनाने उत्तर अमेरिकेत अशा अनेक शाळा उभ्या राहिल्या आहेत.

परीक्षा आणि रोजगार

परदेशी शिक्षण व स्थलांतरासाठी टोफेल (१९६४ पासून) आणि आयईएलटीएस (१९८९ पासून) या परीक्षा प्रचलित आहेत. इंग्रजी ही संघराज्याच्या कारभाराची सहयोगी भाषा असूनही, ब्रिटनच्या स्थलांतर नियमांतील बहुसंख्य इंग्रजीभाषक देशांच्या यादीत भारताचा समावेश नाही. त्यामुळे इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या भारतीयालाही आपले भाषाज्ञान वेगळे सिद्ध करावे लागते.

नोकरीच्या मुलाखतीत व्याकरणापेक्षा उच्चारावरून मत बनण्याची शक्यता असते. अमेरिकेत उच्चारामुळे कामात खरोखर बाधा येत असल्याखेरीज त्या कारणाने नोकरी नाकारणे राष्ट्रीय मूळावरून केलेला भेदभाव ठरू शकते. प्रत्यक्षात असा भेद सिद्ध करणे कठीण असते.

मतप्रवाह

या विषयावर दोन प्रमुख मते आहेत. पहिल्या मतानुसार स्थलांतरिताने त्या देशाचे प्रमाण इंग्रजी आत्मसात करावे, कारण सुबोधता व संधी त्यावर अवलंबून असतात. सिंगापूर सरकारने २००० मध्ये शुद्ध इंग्रजीच्या प्रसारासाठी सुरू केलेली मोहीम याच विचाराची होती. दुसऱ्या मतानुसार समजून घेण्याची जबाबदारी बोलणारा आणि ऐकणारा या दोघांवरही असते. भारतीय इंग्रजी हे एक प्रस्थापित रूप असल्याने तिच्या वक्त्याने उच्चार बदलावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. व्यवहारात बहुतेक कुटुंबे मधला मार्ग स्वीकारतात: कार्यालयात आघात व शब्द बदलून बोलायचे, मित्रमंडळींत भारतीय इंग्रजी वापरायची आणि घरी मराठी. प्रसंगानुसार भाषेचे रूप बदलण्याच्या या कौशल्यास समाजभाषाविज्ञानात शैलीपालट म्हणतात. घरी गोरमाटी किंवा तेलुगू, बाजारात दखनी व शाळेत प्रमाण मराठी बोलणाऱ्या सीमाभागातील माणसाला हे कौशल्य नवे नसते.

हे सुद्धा पहा

• भारतीय इंग्रजी
• आनंदीबाई जोशी
• पंडिता रमाबाई
• बृहन्महाराष्ट्र मंडळ
• मराठी भाषेच्या बोली
• भोकर तालुका